उसातली पिल्लं आणि आमची जनजागृती

दिवाळीचा आकाशकंदील अजून दारात लटकत असतो आणि आमच्या रस्त्यावर उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, सांडायला सुरुवात होते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मोळ्या इतक्या उंच रचलेल्या की आता विजेच्या तारेला लागतील असं वाटावं. त्यांच्यामागे एसटी रखडते, एसटीमागे जीपवाले हॉर्न वाजवत बसतात. रस्त्यावर पडलेला ऊस चाकांखाली चिरडतो आणि त्याचा गोडसर, किंचित आंबलेला वास थेट वर्गात येतो. संध्याकाळी कुणीतरी उसाचं वाळकं पाचट पेटवतं आणि दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काजळी येऊन बसते. पुण्याहून आलेले पाहुणे म्हणतात, काय छान हवा आहे हो तुमच्याकडे! थंडी, ताजा रस, गरम गूळ. मी हो म्हणते आणि कपडे पुन्हा बादलीत टाकते.

खरं सांगायचं तर मला या हंगामाचा राग येतो. म्हणजे उसाचा नाही, रस मीही पिते. पण तोडणी सुरू झाली की माझं कशात लक्ष लागत नाही, वर्गात मुलांवर उगीच ओरडते, घरात भांडी आदळते. माझ्या नवऱ्याने याला नावच ठेवलंय. मी चिडले की तो मुलांना म्हणतो, "गप बसा रे, आईची तोडणी चालू झाली." मुलं हसतात. त्यांचं बरोबर आहे, त्यांना काय माहीत. ज्या एका हंगामाने माझं हे करून ठेवलं, त्याला आता सात-आठ वर्षं झाली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नारायणगावजवळच्या एका गावात विज्ञान शिकवायला आले. तेव्हा शाळेच्या रस्त्याला दोन्हीकडे बाजरी असायची, कांदा असायचा, मधूनच एखादी द्राक्षाची बाग. शेतात उभ्या असलेल्या माणसाचं डोकं लांबून दिसायचं. मग कालव्याला पाणी आलं आणि बघता बघता जुन्नर काय, आंबेगाव काय, नदीकाठची सगळी जमीन उसाखाली गेली. शेतातली माणसं दिसेनाशी झाली. उसात एकदा पाणी सोडलं की वर्ष-दीड वर्ष आत कुणी जात नाही. आत सावली, गारवा, चिखलात पाणी, बांधापलीकडे गावातली कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय लागतं? माद्या उसातच व्याल्या, पिल्लं उसातच मोठी झाली, त्यांतल्या कित्येकांनी डोंगर पाहिलाही नसेल. हे एवढं साधं गणित आहे. पाचवीतल्या मुलाला समजतं.

मोठ्यांना समजत नाही. शेळ्या जायला लागल्या, मग माणसांवर हल्ले व्हायला लागले, तेव्हा गावोगाव एकच प्रश्न होता. "वाघ सोडला कुणी?" इकडे बिबट्याला वाघच म्हणतात. कुणी म्हणायचं, वनखात्याच्या हिरव्या गाडीतून आणून सोडला. कुणी म्हणायचं, आमच्या मेव्हण्याने गाडीचा नंबर पाहिलाय. त्या मेव्हण्याला मी प्रत्येक गावात शोधलं, तो कधी सापडला नाही.

अशा वेळी सरकारी कचेरीत ठरलं, की जनजागृती करायची. गावोगाव सभा, पडद्यावर चित्रं, पत्रकं. बोलायला शिक्षक हवा होता. आमच्या मुख्याध्यापकांनी माझं नाव दिलं, कारण विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला बोलायला आवडतं." मला ते कौतुक वाटलं. माझ्या जोडीला रंगनाथ नावाचा वनरक्षक दिला. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. चित्रं दाखवायचं यंत्र तो पोराला घेतात तसं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायचा, कारण त्याचा बल्ब फुटला तर नवा पुण्याहून यायला महिना लागायचा.

पडदा नव्हता. तो दिला पोपटशेठनी. नारायणगावच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यासारखंच मराठी बोलतात, रागावले तर जास्तच चांगलं. पांढरं मांजरपाट त्यांनी स्वतः फाडून, घडी घालून हातात ठेवलं आणि म्हणाले, "बाई, सभेत तेवढं सांगा लोकांना, पिल्लं सापडली तर दूध पाजा म्हणून. मुका जीव आहे. दूध मी पाठवतो." मी समजावलं, की बिबट्याच्या पिल्लाला म्हशीचं दूध सोसत नाही, त्याला माणसाने हात न लावणं हीच दया. शेठचा चेहरा पडला. "म्हणजे आम्ही काहीच करायचं नाही?" "काहीच नाही करायचं, शेठ. तेच अवघड आहे." त्यांना माझं पटलं नाही, हे उघड होतं. पण पडदा परत मागितला नाही.

एक संपूर्ण हंगाम आम्ही असे फिरलो. पेठेतले व्यापारी, बागायतदार, डोंगरातल्या वाड्या, सगळीकडे तीच वीस चित्रं आणि तेच माझं भाषण. उसाच्या फडात पिल्लं दिसली तर जिथल्या तिथे ठेवा, तेवढा तुकडा तोडायचा थांबा, माणसं लांब घ्या, मादी अंधार पडला की येते आणि पिल्लं उचलून नेते. पिल्लं दिसली नाहीत तर ती तिथेच फिरत राहते, आणि मग ती काय करेल सांगता येत नाही. घसा कोरडा पडेपर्यंत मी हे सांगायचे. शेवटी विचारायचे, काही प्रश्न?

"पिंजरा कवा लावता?"

खोडदला, त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या गावात, एका म्हाताऱ्याने टोपी सारखी करत विचारलं, "बाई, हितं एवढाल्या तबकड्या उभ्या केल्यात. आभाळातलं समदं ऐकू येतंय म्हनत्यात. त्यातली येक जरा उसाकडं वळवा की राव!" सगळी सभा हसली, रंगनाथसुद्धा हसला. मीही हसले, आणि परत येताना जीपमध्ये रडकुंडीला आले. आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका आदिवासी वाडीत मात्र कुणी हसलं नाही आणि पिंजराही मागितला नाही. एक आजीबाई पडद्यावरचं चित्र पाहून म्हणाली, "ह्यो आमच्याकडं पयल्यापासून हाय. त्याची वाट त्याला, आमची आमाला. तुमी खालच्यांनी त्याला वाट ठिवली न्हाई का?" मला वाटलं, भाषण हिनेच करावं आणि मी खाली बसावं. तसं मी केलं नाही. माझी अजून बारा चित्रं दाखवायची राहिली होती.

प्रत्येक सभेनंतर एक तक्ता भरायचा. गाव, उपस्थिती, शेरा. शेऱ्यात मी "समाधानकारक" लिहायचे. उपस्थितीत कोण असायचं? पुढे सतरंजीवर जमीनदार शेतकरी, मागे तरुण पोरं, खांबाआड चार-दोन बायका डोक्यावर पदर घेऊन. सभा देवळात, संध्याकाळी सहाला. पलीकडे शेतांच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या दिसायच्या, पाचटाच्या, दोन माणसं जेमतेम मावतील एवढ्या. त्यांच्या चुली पेटलेल्या असायच्या. आमचा भोंगा त्यांच्यापर्यंत ऐकू जायचा. मी एकदाही त्यांच्याकडे बघून विचार केला नाही, की उसात पहिला हात घालतं कोण?

दगडूभाऊंचं गाव माझ्या शाळेपासून तीन किलोमीटरवर. दगडूभाऊ मोठे बागायतदार, दारात दोन ट्रॅक्टर, बोलायला गोड. आमच्या सभेत पहिल्या रांगेत बसले आणि शेवटी आभारही त्यांनीच मानले. "बाईंनी आपलं डोळं उघडलं" असं म्हणाले. आमचं पत्रक त्यांनी घराच्या दारावर, शुभ लाभच्या खाली, खळ लावून चिकटवलं होतं. मी ते पाहिलं आणि वाटलं, निदान एक माणूस तरी आपल्या हाती लागला.

पंधरा दिवसांनी दुपारच्या सुट्टीत रंगनाथ शाळेच्या फाटकात उभा. "मॅडम, दगडूभाऊंच्या फडात तीन पिल्लं घावली."

"मग? तुकडा ठेवलाय ना?"

"पिल्लं वाघोबाला नेलीत."

त्या गावाच्या शिवेवर वाघोबा आहे. शेंदूर फासलेला दगड, वर पत्र्याचं छप्पर. आम्ही पोचलो तेव्हा तिथे जत्रा भरली होती. बायकांची रांग लागली होती, हातात ताटं. टोमॅटोच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये दगडूभाऊंचा टॉवेल अंथरून तीन पिल्लं ठेवली होती. डोळे नुकते उघडलेले, कान डोक्याला चिकटलेले. जवळ हात गेला की एवढंसं तोंड उघडून फिस्स करायची. तिघांच्याही कपाळाला हळद-कुंकू. कुणीतरी वाटीत दूध आणून बोळ्याने पाजायचा प्रयत्न करत होतं, ते त्यांच्या नाकात चाललं होतं. एक माणूस फोटो काढत होता.

दगडूभाऊ पुढे आले, चेहरा आनंदाने फुललेला. "या बाई, या! तुमच्यामुळंच कळलं बगा, मारायचं न्हाई म्हनून. पोरं काठ्या घिऊन आल्ती. म्या म्हनलं, खबरदार! एकालाबी बोट लावू दिलं न्हाई."

"आणि हात लावायचा नाही, जागचं हलवायचं नाही, हे सांगितलं होतं त्याचं काय?"

"हात कुठं लावला? टावेलात धरून आनली!"

मी कपाळाला हात लावला. ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या हिशेबी त्यांनी सगळं केलं होतं. पूर्वी याच गावात पिल्लं दगडांनी मेली असती, आज त्यांची पूजा झाली होती, आणि हा बदल माझ्या सभेमुळे झाला होता. मी आनंद मानायला हवा होता का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिथून आम्ही फडावर गेलो. जवळजवळ सगळं रान मोकळं झालेलं, मधोमध एक हिरवा तुकडा उभा. तोडणीची हीच पद्धत. चारी बाजूंनी ऊस कापत आत यायचं, त्यामुळे ससे, मुंगूस, डुकरं, जे काही असेल ते मागे सरकत शेवटच्या तुकड्यात गोळा होतं. पिल्लं तिथेच सापडली होती. आणि त्या तुकड्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याच शेताच्या कडेला, टोळीच्या कोप्या. बीडकडची टोळी. मुकादम ट्रकवाल्याशी बोलत उभा होता. एक बाई मोळी बांधत होती. तिचं नाव सुमन, हे मला नंतर कळलं. दोन मोळ्यांच्या सावलीत साडीची घडी घालून तिची मुलगी निजवलेली, दीड-दोन वर्षांची, गालावर सुकलेला रस, त्यावर माश्या.

मी मुकादमाला सगळं सांगायला लागले. सुमनने मोळी तशीच सोडली आणि जवळ येऊन ऐकत राहिली.

"बाई, यांची माय कुठंय?" तिने मधेच विचारलं.

"असेल इथेच जवळपास. शेजारच्या उसात. दिवसा बाहेर येत नाही."

"आन ती आली, अन् लेकरं जाग्यावर नसली, मंग?"

"मग ती इथेच शोधत फिरेल."

तिने कोप्यांकडे पाहिलं, मग निजलेल्या पोरीकडे. कोपीला दार नसतं. एक पोतं लावलेलं असतं.

"आमी हितंच निजतो, बाई."

मी पिशवीतलं आमचं पत्रक काढून तिच्यापुढे धरलं.

"हे तुमी गावाला आदी सांगितलं व्हतं?"

"हो. पंधरा दिवसांपूर्वी. देवळात सभा होती."

"ते व्हय! भोंगा ऐकू आला व्हता. आमाला वाटलं गावाचं काय असंल." मग ती अगदी सरळपणे म्हणाली, "आमाला कामून नाई सांगितलं? पिल्लं तर मलाच घावली. पाचट वढाया गेले अन् हाताला मऊ लागलं. मला ठावं असतं तर म्या तशीच मागं फिरले असते."

माझ्याजवळ कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं. मुलं म्हणतात, बाईंना निरुत्तर करून दाखवा. त्या दिवशी फडाच्या मधोमध, उन्हात, मी मनातल्या मनात कारणं मोजायला लागले. गावांची यादी ग्रामपंचायतीकडून यायची. ऊसतोडे कुठल्याच ग्रामपंचायतीचे नसतात. सभा सहाला असायची, आणि सहाला ते ट्रक भरत असतात. पत्रक मी स्वतः शुद्ध मराठीत लिहिलं होतं, आणि सुमनला वाचता येत नव्हतं. अख्ख्या दोन तालुक्यांना आम्ही शहाणं करत फिरलो होतो, आणि जिचा हात पिल्लांवर पडणार होता तीच तेवढी राहिली होती.

सूर्य बुडायला तीन-साडेतीन तास होते. सुमनची पोर आणि बाकीची सात-आठ लेकरं त्या रात्री सुखरूप राहायची, तर पिल्लं दिवस मावळायच्या आत जागेवर यायला हवी होती, तो तुकडा उभा राहायला हवा होता, आणि कोप्यांमधली माणसं तिथून हलायला हवी होती. शहाण्या माणसांना अर्धा तास पुरला असता.

दगडूभाऊ पिल्लं देईनात. पेपरवाला यायचा होता. शिवाय बायकांची रांग अजून संपली नव्हती. रंगनाथने ग्रामपंचायतीतून साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, परिस्थिती बघून ठरवा. याचा अर्थ काय, हे सरकारी नोकरीत प्रत्येकाला कळतं. रंगनाथने फोन ठेवला आणि वाघोबाला जाऊन क्रेट उचलला. "मी लिहून देतो कचेरीला," एवढंच म्हणाला. एरवी चार शब्द न बोलणारा तो माणूस मला त्या क्षणी फार मोठा वाटला.

मुकादम तुकडा सोडेना. ट्रक अर्धा भरलेला, कारखान्याची तोडणीची चिठ्ठी आजची. तो ओरडायला लागला. मीही ओरडले. आमची जुंपली असताना सुमनने कोयता खाली ठेवला आणि जाऊन पोरीशेजारी बसली. तिचं पाहून दुसरीने ठेवला, मग तिसरीने. मग पुरुषांनी. माझ्या अर्ध्या तासाच्या भांडणाने जे झालं नाही, ते कोयते खाली ठेवल्यावर एका मिनिटात झालं. मुकादम शिव्या देत ट्रककडे निघून गेला.

राहिला प्रश्न माणसांच्या निवाऱ्याचा, आणि तिथे मात्र मी हरले. देवळात एक रात्र राहू द्या म्हटलं, तर एकजण म्हणाला, "आवो बाई, त्यांचं पाय बगा. देऊळ हाय." हाच माणूस तासाभरापूर्वी पिल्लांना दूध पाजत होता. शाळा उघडायची तर मुख्याध्यापकांची परवानगी हवी, आणि ते जुन्नरला बैठकीला गेलेले. दगडूभाऊंचा गोठा मोठा होता, पण त्यात म्हशी होत्या. जंगली जनावराच्या पिल्लांना टॉवेल, कुंकू, रांग. आणि ज्या माणसांनी महिनाभर या गावाचा ऊस तोडला, त्यांना ओसरीचा एक कोपरा मिळेना. मी काय काय बोलले ते मला आता आठवत नाही. दगडूभाऊंनी नंतर नवऱ्याकडे तक्रार केली, "बाई लई तापट हायेत," म्हणून.

मी भांडत होते तोवर टोळीने आपलं आपण ठरवून टाकलं होतं. भांडी पोत्यात भरली, लेकरं उचलली आणि सगळे जण रस्त्यावर उभ्या असलेल्या अर्ध्या भरलेल्या ट्रकवर जाऊन बसले. उसाच्या मोळ्यांवर गोधड्या अंथरल्या. म्हातारी माणसं, पोरं, एक कोंबडी. सुमनने पोरीला साडीच्या फडक्याने स्वतःच्या कमरेला बांधलं होतं, झोपेत घसरून पडू नये म्हणून. ऊन उतरत होतं. रंगनाथने पिल्लांचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं आणि क्रेट त्या तुकड्यात जाऊन ठेवून आला. मी शेवटच्या जीपने घरी गेले.

सकाळी पहिल्या जीपने परतले. क्रेट रिकामा होता. सरीतल्या ओल्या मातीत मादीच्या पावलांच्या तीन फेऱ्या स्पष्ट उमटलेल्या. एकेक करून तिन्ही पिल्लं ती घेऊन गेली होती. रंगनाथ पावलांशेजारी उकिडवा बसून नुसता बघत होता. सुमनही आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आली बघा माय." मला रडू येत होतं. एवढ्या सभा, एवढी चित्रं, आणि पहिल्यांदाच काहीतरी खरं घडलं होतं.

गावात तोवर वेगळीच गोष्ट तयार झाली होती. वाघोबाला हळद-कुंकू पावलं, म्हणून मादी शांतपणे निघून गेली. दगडूभाऊंनी ती गोष्ट पुढच्या सभेत माझ्यादेखत सांगितली. लोकांनी माना डोलावल्या. आता पिल्लं सापडली की आधी वाघोबाला न्यायची, असा रिवाजच पडतोय की काय, अशी मला भीती वाटायला लागली.

टोळी दुसऱ्या दिवशी हलणार होती. सुमन भांडी बांधत होती. "घोड नदीच्या पल्याड जायचंय आता," ती म्हणाली. "तिकडंबी ऊसच. तिकडं कोन सांगल, बाई?"

"मी येईन."

"कवा?"

"आठवड्याभरात."

मी मनापासून म्हटलं होतं. मग दहावीची प्रात्यक्षिकं आली. मग कचेरीने यंत्र परत मागवलं, मोहीम संपली होती. रंगनाथ म्हणाला, "मॅडम, तिकडच्या गावांत आपली सभा झालीय. दुसऱ्यांदा गाडी मिळायची नाही." खरंच होतं ते. तक्त्यात त्या गावांपुढेही "समाधानकारक" लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. गाडी नसली तर एसटी होती. नारायणगावहून तासाचा रस्ता. मी उद्या जाऊ, रविवारी जाऊ करत राहिले. गेले नाही.

तीन आठवड्यांनी पेपरात बातमी आली. घोड नदीच्या पलीकडल्या एका गावात ऊसतोड कामगाराच्या मुलीला बिबट्याने नेलं. आदल्या दिवशी त्याच शेतात पिल्लं सापडली होती आणि ती तिथून हलवण्यात आली होती. बातमीत शेतकऱ्याचं पूर्ण नाव होतं. कोण कोण भेट द्यायला आलं, त्यांची नावं होती. पिंजरे किती लावणार, तेही होतं. मुलीबद्दल एवढंच, की ती दोन वर्षांची होती.

त्या दिवशी मात्र मी एसटी पकडली. टोळी निघून गेली होती. कोप्यांच्या जागी चुलीचे दगड आणि पाचटाचे गोल राहिले होते. शेतकऱ्याला विचारलं. तो बिचारा स्वतःच हादरलेला होता. म्हणाला, "बीडकडची टोळी व्हती, एवढंच ठावं. नावं मुकादमाला म्हाईत. तो गेला." मी विचारलं, पोरीचं नाव? त्याने मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी मनात त्याच्यावर संतापले. हा असला कसला माणूस, इतके दिवस शेतात राहिलेल्या लेकराचं नाव माहीत नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि तेव्हा लक्षात आलं. सुमनच्या मुलीचं नाव मीही विचारलं नव्हतं. तिच्या गालावरचा रस पाहिला, माश्या पाहिल्या, तिच्यासाठी गावाशी भांडले, पण नाव विचारायचं सुचलं नाही. पेपरात नाव छापून आलं असतं तरी मला काही कळलं नसतं. बीडकडच्या टोळ्या काय कमी असतात? ती नसेल. कदाचित ती असेल. मला आजपर्यंत माहीत नाही.

त्यानंतर पर्यावरण हा शाळेत सक्तीचा विषय झाला. मुलं प्रकल्पाच्या वह्या करतात, वर चमकी लावतात, आत बाजारातल्या मार्गदर्शकातून उतरवून काढतात. "बिबट्याची पिल्ले आढळल्यास काय कराल?" या प्रश्नाला दगडूभाऊंच्या नातीने मागच्या वर्षी बिनचूक उत्तर लिहिलं. मी तिला पूर्ण गुण दिले. द्यावेच लागले. तिच्या आजोबांच्या फडात त्याच आठवड्यात तोडणी चालू होती, आणि तिथल्या कोप्यांमध्ये बोलायला तिच्या घरातलं कुणीही गेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "ते आपल्या गावातले नाहीत ना, बाई?" तिला काय रागवायचं? मीच तिला शिकवलंय.

आता तोडणी सुरू झाली की मी पहाटेच्या एसटीने कोप्यांवर जाते. पडदा नाही, यंत्र नाही, तक्ता नाही. फडाला निघायच्या आत, चूल पेटलेली असताना, शेकत बसून सांगते. पिल्लं दिसली तर मागं फिरा, लेकरं मधे घेऊन निजा. काही टोळ्या ऐकतात. काही म्हणतात, बाई, मुकादमाला सांगा. सगळीकडे पोचणं मला जमत नाही, जमणारही नाही. एका फडावर असते तेव्हा दुसरे दहा फड राहून जातात. यंदा डोकं पिकायला लागलंय आणि गुडघे दुखतात.

आणि बोलायच्या आधी मी लेकरांची नावं लिहून घेते. नावं लिहून बिबट्या थांबत नाही, एवढं विज्ञान मला येतं. गेल्या आठवड्यात एका बाईने विचारलं, "नावं कशापायी लिवता? रेशनचं काय मिळनार का?"

"नाही."

"मंग?"

मी वहीचं नवं पान उघडलं. तिने भाकरी परतली, मागे हात घालून झोपाळलेल्या पोरीला पुढे ओढलं आणि म्हणाली, "हिचं पूनम. लिवा बिगीनं, फडाला उशीर व्हतोय."